वन्सं, तळ्याची वाट उघडी आहे

वन्सं, तुमचं तेरावं परवा उरकलं. पानावर सगळं होतं, पण आमटीत चिंच जरा पुढे गेली होती. तुम्ही असतात तर पहिल्या भुरक्यालाच वाटी दोन बोटं पलीकडे सारली असतीत, तोंडानं अवाक्षर न काढता, आणि मी पदराआड हसले असते. आपल्याच तेराव्याला नावं ठेवायला माणूस हजर नसतं, ही विधात्याची मोठीच गैरसोय. तुमच्या बाबतीत तर शुद्ध अन्याय.

तुमच्या भावांनी मला अक्षरं शिकवायला घेतली तेव्हा तुम्ही देवघराच्या दारातून म्हणाला होतात, “शिकू दे. लिहून काय दिवे लावते ते बघते.” बघा आता. हा एक लावतेय. तुम्हाला फुंकर मारता येणार नाही म्हणून धीर आलाय.

तुमची घागर कोपऱ्यात उपडी आहे. तुमच्या हयातीत तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती, आणि आता तर सुनांच्या अंगावर काटाच येतो. मला मात्र ती दिसली की आपलं अर्धं राहिलेलं भांडण आठवतं. पस्तीस वर्षं चाललं, वन्सं, आणि शेवटच्या खेपेला तुम्ही “उद्या सांगते” म्हणून पाठ फिरवलीत. असं करतात का? वादी मरण पावला म्हणजे दावा संपतो थोडाच?

त्या काळातली जानकी तुम्हाला आठवत असेल. मला ती रस्त्यात भेटली तर मी ओळखसुद्धा देणार नाही. कल्याणसारख्या पेठेच्या गावातून ठाण्याला वकिलाच्या घरी आलेली, चार बुकं वाचलेली, पायात मोजे घालून हळदीकुंकवाला जाणारी. ठाण्यात तेव्हा आगगाडी जुनी झाली होती आणि सुधारणा नवी होती. चहा पिणं म्हणजेसुद्धा अर्धी सुधारणा. आपल्या माडीवर सभा भरायची. रयतेचा हक्क, लोकमत, देशोन्नती असे मोठमोठे शब्द जिन्यावरून खाली यायचे आणि पोळ्या लाटता लाटता मी ते गिळायची. पचत किती होते ते सोडा. बायकांच्या सभेत मी एक निबंधही वाचला होता, ‘अतिसोवळ्या स्त्रिया आणि देशाची अवनती’. त्यातली रोज ओलीचिंब होऊन घरी येणारी, अंगणभर पाणी सांडणारी बाई कोण, हे सगळ्या ठाण्याला कळलं. तुम्हालाही कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “माझ्यामुळे देश बुडतो हे ठाऊक नव्हतं गं. पाय पुसून येत जाईन.”

आणि मग ती भिंत आली.

तळ्याकडे जाणारी आपली वाट म्हणजे दोन घरांमधला बोळ. दोघी समोरासमोर आल्या तर एकीनं भिंतीला लागावं, एवढाच रुंद. खाडीकडच्या विहिरी मचूळ, म्हणून गोड्या पाण्याला सगळ्यांचे पाय तिकडेच. वखारवाल्या शेटजींनी बोळाच्या दोन्ही बाजूंच्या जागा घेतल्या, तोंडाशी भिंत घातली, भिंतीत फाटक आणि फाटकाला कुलूप. मिठागरातल्या आगरणी रिकामे हंडे घेऊन परत गेल्या. सभा मात्र पेटली. दोन गृहस्थ लोकांच्या वतीनं वादी झाले, तुमचे भाऊ त्यांचे वकील.

मुन्सफांनी पहिल्या वादीकडे एकच चौकशी केली. “आपल्या घरी पाणी कुठून येतं?”

“परसातल्या विहिरीतून, साहेब.”

“आणि ह्यांच्या घरी?”

“त्यांचीही विहीर आहे.”

“मग या भिंतीनं तुमचं काय अडलं?”

“आमचं नव्हे, साहेब. लोकांचं.”

“मग सरकारची परवानगी आणा, नाहीतर ज्याचं स्वतःचं काही अडलंय असा माणूस आणा.”

दावा उंबऱ्यातच आपटला. सरकार कसली परवानगी देतंय? शेटजींच्या ओसरीवर मामलेदारांचा पाट कायमचा मांडलेला. तुमचे भाऊ घरी आले, पगडी खुंटीवर न ठेवता आपटली आणि म्हणाले, “आम्ही हिंदुस्थानच्या कारभारात वाटा मागतो, आणि आम्हाला एका बोळासाठी भांडायचा अधिकार नाही!”

मी पुढे सरसावले. “मी वादी होते.”

“तू? तू त्या वाटेनं गेली आहेस कधी?”

“गेलेय तर.”

“कधी?”

“देवीच्या बोडणाला. एकदा.”

“पाणी आणायला?”

“पाणी गडी शेंदतो, आपल्या विहिरीचं.”

“मग गड्याला वादी करू का?”

तरी मी हटले नाही. दुपारी तुळशीसमोर उभी राहून साक्षीची तालीम करायची: “हे न्यायासनाधिष्ठित महाशय, या अबलेची करुण वाणी आपल्या कर्णी पडो.” तुम्ही मागे सांडगे वाळत घालत होतात. म्हणालात, “कोणाला जेवायला बोलावतेयस गं एवढं आर्जव करून?”

तुम्ही भिंत झाल्यापासून काही शिजवलंच नव्हतंत, हे सभेतल्या एकाही देशभक्ताच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, मी करुण वाणी पाठ करत होते. आपल्या विहिरीवर वाडीसाठी कातड्याची मोट चालायची, म्हणून ते पाणी तुमच्या सोवळ्याला चालत नसे. तुमचं पाणी तळ्याचं. ते बंद झाल्यावर तुम्ही केळी आणि दूध यांवर होतात. दावा आपटल्याच्या तिसऱ्या संध्याकाळी माडीवर चर्चा रंगात आली असताना तुम्ही जिन्याच्या तळाशी उभ्या राहून हाक मारलीत, “विनायका, ज्याचं अडलंय असा माणूस पाहिजे ना? माझं अडलंय. मला कोणी विचारलं का?”

सुधारणेच्या पक्षाला एक वादी हवा होता आणि मिळाला कोण, तर आगगाडीत बसून आलेल्या माणसाला अंगणात आंघोळ घालणारी, बायकांनी वाचू नये म्हणणारी, विधवेच्या पुनर्विवाहाचं नाव काढलं की कान झाकणारी, आलवणातली माझी नणंद! एकजण म्हणाले, “यांची मतं...” तुमचे भाऊ म्हणाले, “दाव्याला मतं लागत नाहीत. तहान लागते.” हे मात्र ते छान बोलले होते. उगाच नाही मी त्यांच्याशी संसार केला.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी शेटजींचा मुनीम तबक घेऊन आला. तबकात नारळ, नारळाशेजारी किल्ली. म्हणाला, “आळीतल्या ब्राह्मण बायकांसाठी आहे. बाईंनी केव्हाही यावं, पाणी न्यावं. कज्जा कशाला?” त्याच्या पाठोपाठ आळीतले थोरले भटजी. ते तुम्हाला म्हणाले, “किल्ली घ्या. उद्या कोर्टात भलतंसलतं विचारतील. त्या वाटेवर कोण कोण असे, पाण्यावर कोण असे, हे तुमच्या तोंडून निघालं तर आम्हाला तुमच्या हातचं पान घेता येणार नाही.”

सांगून ठेवते, माझ्यासाठी नाही, नातवंडांसाठी. त्यांना याचं वजन कळायचं नाही. मूल नाही, कुंकू नाही, डोईवर केस नाहीत, घर भावाचं. तुमचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं: ठाण्यात कुठेही श्राद्धपक्ष असो, मुंज असो, सोवळ्याच्या स्वयंपाकाला पहिलं बोलावणं तुम्हाला. तुम्ही चुलीशी बसलात की यजमान निर्धास्त. तेवढ्यावर तुम्ही ताठ चालायचात.

खरं सांगते, तुमचे भाऊ डळमळले. म्हणाले, “अक्का, निदान तुझं पाणी तरी सुटतंय. थोडं पदरात पडतंय ते घेऊ.”

तुम्ही नारळ घेतलात. किल्ली तबकात तशीच राहू दिलीत. मुनीम गेल्यावर म्हणालात, “किल्ली घेतली की वाट त्याची झाली. वकिली तू शिकलास ना रे?”

तुमच्या भावांच्या हातातला चहा निवला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोर्टात गेलात. घरी माणूस पाठवून जबानी घेतो म्हणाले होते, तर तुम्ही म्हणालात, “घरी नको. तो कुठे कुठे शिवेल, मी शिंपत किती बसू?” बरोबर स्वतःची सोवळ्याची लोकरी धाबळी नेलीत, पिंजऱ्यात अंथरलीत आणि तीवर उभ्या राहिलात. मी बाहेर, खिडकीला लागून उभ्या केलेल्या दमणीत पडद्याआड. बैल शेपटी मारत होता तेवढाच आवाज. पहिल्या बाकावर थोरले भटजी.

शेटजींनी मुंबईहून वकील आणला होता. गोड बोलायचा.

“बाई, आपण सोवळं पाळता?”

“पाळते.”

“कडक?”

“सैल सोवळं पाहिलंय का तुम्ही?”

लोक हसले. तो हसला नाही. मुन्सफांकडे वळून म्हणाला, “साहेब, बाई खऱ्या सोवळ्यातल्या असतील तर मिठागरातल्या बायका चालतात त्या वाटेनं त्या जायच्याच नाहीत. म्हणजे ही वाट जुन्या मालकानं आपल्या जातीच्या बायकांना मेहेरबानीनं दिली होती. मालक बदलला, मेहेरबानी संपली. आणि वाट सगळ्यांचीच होती असं बाई म्हणत असतील, तर यांचं सोवळं खोटं. सोवळंच खोटं, तर नुकसान कसलं? बाई, देवाची शपथ घेतली आहे. दोन्हीतलं खरं कोणतं?”

वन्सं, त्या वेळी मी पडदा बोटभर बाजूला सारला. एका बाजूला वाट, दुसऱ्या बाजूला तुमचं सगळं आयुष्य. तुम्ही भटजींकडे एकदा पाहिलंत. मला वाटलं, गेली वाट.

“दोन्ही खरं,” तुम्ही म्हणालात.

“असं कसं होईल?”

“सोवळं पाळते म्हणूनच ठाऊक. शिवाशिव टाळायची तर समोरून कोण येतंय ते आधी बघावं लागतं. ओवळ्यातल्यांना कशाला कळेल?” आणि मग सांगतच गेलात. कोळणी बाजाराला जायच्या आत येतात, त्यांच्या टोपल्या टेकतात तिथली भिंत तुम्ही सोडता. आगरणी घोळक्यानं येतात, त्यांच्या पायाचं मीठ लागून वरची पायरी पांढरी होते, ती तुम्ही ओलांडता. कुठल्या वळणावर कोणाला वाट द्यायची, कोण कुठे उभी राहते, सगळं. “मी भिंतीला लागते, त्या जातात. त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. मीही नाही. जुन्या मालकाच्या आईनंसुद्धा घागर घेऊन माझ्यामागे ताटकळत उभं राहावं, अशी ती वाट.”

मुन्सफ लिहीत होते. वकिलानं शेवटचा डाव टाकला. “आणि महारवाड्यातल्या बायका?”

“येतात.”

“पाण्याला शिवतात?”

“नाही. वर उभ्या राहतात. कोणाशी गाठ पडू नये म्हणून सगळ्यांच्या आधी येतात. माझ्यासारख्याच.”

“मग त्यांना पाणी कोण देतं?”

तुम्ही धाबळीची दुमडलेली कड पायानं सरळ केलीत.

“त्या वेळी तिथे दुसरं असतं कोण? मी देते. वरून ओतते. मग पुन्हा बुडी मारते आणि माझी घागर भरते.”

थोरले भटजी उठले, उपरणं झटकलं आणि बाहेर पडले. माझ्या दमणीवरूनच गेले. आणि तुमची ती ओलीचिंब आलवणं एकेक करून माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. रोज दोन बुड्या. आणि मी निबंध लिहिला होता, बरं का, चांगला तीन पानी.

भिंत पाडायचा हुकूम झाला. सभेनं ठराव केला, आपलेच आभार मानले आणि “एका भगिनीचे साहाय्य” असा तुमचा उल्लेख केला. मी धावत तुमच्याकडे आले, “वन्सं, तुम्ही आमच्यातल्या झालात!” तुम्ही खाडीवरून आंघोळ करून येत होतात. दोन पावलं मागे सरकून म्हणालात, “लांब हो. वाट सगळ्यांची. मी सगळ्यांची नाही.”

भटजींनी शब्द पाळला. बोलावणी थांबली. पितृपक्ष आला आणि तुम्ही पहाटे उठून, न्हाऊन, माजघरात बसून राहिलात. कोणी आलं नाही. आपल्या थोरल्याच्या मुंजीत मी हट्टच धरला, स्वयंपाक वन्संच करतील, कोणाला जेवायचं नसेल त्यांनी जेवू नये. मोजेवाली जानकी अजून जिवंत होती ना! मांडवाच्या दिवशी तुम्ही पांघरूण घेऊन पडलात. म्हणालात, “अंगात ताप आहे गं. दुसऱ्या कोणाला तरी बसव.” मला ठाऊक होतं ताप नाही. कपाळाला हात लावला असता तर कळलं असतं, पण तुम्ही सोवळ्यात. लबाडी लपवायला तुम्ही सोवळं वापरलंत, वन्सं, जन्मात तेवढं एकदाच, आणि तेसुद्धा माझ्या मुलाचा मांडव ओस पडू नये म्हणून. मी “बरं” म्हटलं. त्याहून जास्त काही बोलायला हवं होतं. आज लिहायला बसले तरी सुचत नाही.

पुढे जातीनं हळूहळू सगळं विसरायचं ठरवलं. आपण दोघी मात्र विसरलो नाही. मी म्हणायची, “वरून पाणी ओतण्यात कसला आलाय पुरुषार्थ? त्यांना खाली उतरू द्या. कोर्टात तुमचं नाव लागलंय, तुम्ही म्हटलंत तर होईल.”

“तू येतेस उभी राहायला?”

“माझ्या येण्याचा प्रश्न नाही, वन्सं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्वाला घागर उचलता येते का गं?”

शेवटी शेवटी तुम्हाला दम लागायचा, वाटेत बसत बसत जायचात, तरी हेच. मी त्या दिवशी चिडून विचारलं, “देता ना रोज? मग त्यांना उतरू देत का नाही? भ्रष्ट होईल ते काय, पाणी की तुम्ही?” तुम्ही घागर कोपऱ्यात उपडी घातलीत आणि पाठ फिरवलीत. “उद्या सांगते.”

म्हणून काल पहाटे मी तुमची घागर उचलली. सुना बघतच राहिल्या. तुमचे भाऊ अंथरुणातून म्हणाले, “तुझे गुडघे दुखतात ना?” म्हटलं, “दुखू देत. त्याशिवाय नुकसान कसं दाखवणार?”

बोळाच्या तोंडाशी फाटकाची जुनी बिजागरी अजून भिंतीत गंजून बसली आहे. माझा पदर तिला अडकला. वरच्या पायरीवर एकजण मडकं घेऊन उभी होती, तरुणच. मला बघून मागे सरकली, सरकता सरकता भिंतीलाच लागली. अगदी तुमच्यासारखी.

“मोठ्या बाई गेल्या म्हणं?”

“गेल्या.”

“मी भागू. त्यांनी नाव कधी विचारलं नाही. पर मी नाही आले तर दुसरीला विचारायच्या, ती का नाही आली म्हणून.”

एवढं ऐकलं आणि माझ्यातली मेलेली जानकी उठून बसली. “भागू, खाली उतर,” मी म्हटलं, “घे तुझ्या हातानं. वाट सगळ्यांची आहे, कोर्टानं सांगितलंय. पाणी काय वेगळं आहे?”

भागूनं पाण्याकडे पाहिलं. मग मागे वळून आळीकडे पाहिलं. एक खिडकी किलकिली झाली होती.

“उतरंन, आजी. पर तुम्ही गेल्यावर?”

काय चपराक बसली, वन्सं! पस्तीस वर्षं मी तुम्हाला विचारत होते त्याचं तुमचं उत्तर हेच होतं का? का तुमचं दुसरंच काही होतं, आणि मी आपली माझ्या सोयीचं तुमच्या तोंडी घालतेय? कोण सांगणार? तिथे न्यायासनाधिष्ठित कोणी नव्हतं. होती ती एक घागर आणि एक मडकं.

“उद्या मी येते,” मी म्हटलं. “रोज येत जाईन.”

तिनं मला नीट बघून घेतलं, पायापासून डोक्यापर्यंत. मुन्सफांनी सभेच्या त्या दोन गृहस्थांना असंच बघितलं असणार.

“मग उद्या उतरते,” भागू म्हणाली. “आज वाढा.”

मी वाढलं. अर्धं तिच्या मडक्यात, अर्धं माझ्या पायावर. तुमची धार कशी पडायची कोण जाणे.

काल संध्याकाळी आळीतले दोघे माडीवर येऊन गेले. त्यातला एक थोरल्या भटजींचा मुलगा. आवाज चढले होते. तुमचे भाऊ म्हातारे झालेत, पण मी जिन्याखालून ऐकलं, ते म्हणत होते, “ती माझं ऐकेल असं तुम्हाला कोणी सांगितलं?” नातसुनेच्या डोहाळजेवणाला कोणी येणार नाही, अशी धमकी देऊन ते गेले. पोर रात्रभर रडली. तिचं काय चुकलं? मीही जागीच आहे, वन्सं. तुम्ही कोर्टात भटजींकडे पाहिलंत तेव्हा तुमच्यावर काय गुदरलं असेल, ते मला आज कळतंय.

आता उजाडेल. गुडघ्यांना तेल चोळलंय, घागर दाराशी काढून ठेवली आहे. तुम्ही त्या वाटेवर भिंतीला लागून चाललात. मी पायरीच्या मधोमध बसणार आहे, भागू उतरून, भरून, वर येईपर्यंत. खिडक्या उघडतील, माणसं येतील, आणि कोणीतरी विचारीलच: बाई, तुम्ही कोण? यात तुमचं काय अडलंय?

करुण वाणी मी केव्हाच विसरले. पण उत्तर आहे. मी या वाटेनं पाणी भरते. कालपासून.